बॉल पळवा म्हणा आणि निवांत राहा

न्यू जर्सीत राहायला आला असाल आणि रविवारी दुपारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये चिवड्याच्या वाटीसमोर बसायची वेळ आली, तर अमेरिकन फुटबॉलच्या जायंट्स संघाबद्दल मत असणं सक्तीचं आहे. संघाच्या नावात न्यू यॉर्क असलं तरी मैदान ईस्ट रदरफर्डला, म्हणजे जर्सीतच. तेव्हा दुःखही आपल्याच वाट्याचं. मत कुठून आणायचं ही चिंता सोडा, त्यासाठी खेळ कळावा लागत नाही. चार डाउनमध्ये (प्रयत्नांत) दहा यार्ड पुढे सरकायचं, म्हणजे नऊवारीला आणखी एक वार जोडायचा, एवढं गणित आलं की झालं.

मग दोन वाक्यं पाठ करा. संघ मागे पडला की म्हणायचं, 'अरे, बॉल पळवत का नाहीत हे लोक?' (पळवणं म्हणजे पास न टाकता बॉल हातात घेऊन धावणं.) आघाडी हातची गेली की म्हणायचं, 'डिफेन्सनं घालवली.' दोन्ही वाक्यं एकाच मॅचमध्ये चालतात, फक्त क्रम चुकवू नका.

पहिलं वाक्य वापरताना एक पथ्य पाळा: स्नॅपच्या, म्हणजे चाल सुरू होण्याच्या, आधी बॉलसमोर डिफेन्सची किती माणसं उभी आहेत ते कधीही मोजू नका. तुमच्या लाइनमध्ये वाट मोकळी करणारे पाच जण असतात, सहावा त्यांच्या टोकाला उभा टाइट एंड. समोर सहाच उभे असले तर प्रत्येकाला एकेक गडी मिळतो आणि धाव निघते. आठ उभे असले तर दोघं मोकळे राहतात, आणि ते दोघं रनिंग बॅकला, म्हणजे धावणाऱ्या गड्याला, बॉल मिळताक्षणी भेटायला येतात. हे मोजलंत तर क्वार्टरबॅकनं (चाल चालवणाऱ्यानं) ऐनवेळी चाल बदलून पास का टाकला ते कळेल. कळलं की आवाज खाली येतो, आणि बेसमेंटमध्ये खालच्या आवाजाला किंमत नाही.

आकडे मात्र जरूर वापरा. सरासरी हा त्यातला सर्वात आज्ञाधारक आकडा. समजा दहा धावा झाल्या, त्यातल्या नऊ दोन-दोन यार्डांच्या आणि एक 42 यार्डांची. बेरीज 60, सरासरी 6. अख्ख्या लीगची सरासरी साडेचारच्या आसपास असते, म्हणजे तुमचा संघ जोरात आहे! त्या नऊ दोन-दोनवाल्या धावांनी दर वेळी सेकंड डाउनला आठ यार्ड शिल्लक ठेवले आणि बहुतेक वेळा शेवटी पंटच करावा, म्हणजे बॉल लाथेनं समोरच्यांकडे सोपवावा लागला, ही गोष्ट सरासरी सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

दुसरा हुकमी आकडा: 'जिंकणारे संघ तीस-तीस वेळा बॉल पळवतात.' शंभर टक्के खरं आहे. पाऊस पडला की लोक छत्र्या उघडतात, हेही खरंच आहे. धाव मैदानाच्या आत अडवली गेली तर घड्याळ चालूच राहतं आणि पुढच्या चालीला 40 सेकंद मिळतात. समोरच्याचे टाइमआउट संपले असतील तर तीन धावांत दोन मिनिटं खलास. म्हणून पुढे असलेला संघ शेवटी पळवत सुटतो. आधी आघाडी, मग धावा. तुम्ही मात्र छत्र्या उघडून पाऊस पाडायचा आग्रह सोडू नका.

आता रनिंग बॅक सेक्वान बार्कली. या नावाशिवाय न्यू जर्सीतला कुठलाही वाद पुरा होत नाही. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जायंट्सनं त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि 2024 च्या मार्चमध्ये जाऊ दिलं. तो गेला तोही फिलाडेल्फियाच्या ईगल्सकडे, म्हणजे भावकीतल्या वैऱ्याच्या घरी, तीन वर्षांच्या 3 कोटी 77 लाख 50 हजार डॉलरच्या करारावर. त्या मोसमात त्यानं 2005 यार्ड काढले. ऑक्टोबरात जायंट्सच्याच मैदानावर येऊन 17 कॅरीत (धावांत) 176 यार्ड काढले आणि ईगल्स 28-3 नं जिंकले. जायंट्सचा मोसम 3 विजय, 14 पराभवांवर संपला. यावर 'हिरा घालवला' म्हणून उसासा टाका आणि तिथेच थांबा.

थांबा अशासाठी, की पुढे बोललात तर लाइनचा विषय निघेल. हाच हिरा 2023 मध्ये जायंट्सकडे कॅरीमागे 3.9 यार्डांवर होता. फिलाडेल्फियात गेल्यावर 5.8 झाला. मधल्या उन्हाळ्यात त्याला पंख फुटले नव्हते. पुढे जॉर्डन मायलाटा उभा होता: सहा फूट आठ इंच उंच, 365 पौंडांचा, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळून आलेला डावा टॅकल. दुसऱ्या टोकाला लेन जॉन्सन. असे दोन दरवाजे उघडून मिळाले तर आत शिरणाऱ्याचं कौतुक करावंच, पण दरवाजा उघडणाऱ्याचं नाव टीव्हीवर सहसा होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याचा) दंड झाला की ऐकू येतं. इकडे जायंट्सनं पाचव्या फेरीत उचललेल्या टायरोन ट्रेसीनं त्याच मोसमात 839 यार्ड काढले. हा आकडा चुकूनही उच्चारू नका, उसाशाची हवाच निघते.

आणि ज्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ईगल्सनं कॅन्सस सिटीच्या चीफ्सना 40-22 असं धुतलं (9 फेब्रुवारी 2025, न्यू ऑर्लिन्स), त्यात बार्कलीच्या 25 कॅरीत 57 यार्ड झाले. कॅरीमागे सव्वादोनच्या जरा वर. चीफ्सनं धाव रोखायला माणसं लावली आणि बाकी मैदान मोकळं सोडलं. 'रन चालला नाही तर मॅच जात नाही का?' असं कोणी विचारलंच, तर चिवडा पुढे करा.

वाद अंगाशी यायला लागला की ब्रह्मास्त्र काढायचं: रनिंग बॅक मार्शॉन लिंच. 1 फेब्रुवारी 2015 चा सुपर बोल, सिअ‍ॅटल गोलरेषेपासून एक यार्डावर, 26 सेकंद उरलेले, आणि त्यांनी पास टाकला. समोरच्या माल्कम बटलरनं तो पकडला, पेट्रिअट्स 28-24 नं जिंकले. एवढंच सांगा. सिअ‍ॅटलकडे एकच टाइमआउट होता आणि तीन डाउन होते, हे सांगू नका. तीनही वेळा पळवायला वेळच नव्हता, एक पास कुठे तरी टाकावाच लागणार होता, कारण पास चुकला तर घड्याळ थांबतं. समोर पेट्रिअट्सनं धाव अडवणारी जाडजूड माणसं आणून उभी केली होती, आणि लिंच त्या मोसमात एक यार्डावरून पाचपैकी एकदाच आत गेला होता. ही सगळी माहिती ब्रह्मास्त्राला गंज आणते.

'बॉल पळवा' या वाक्यातला खरा धोका वेगळाच आहे: ते कधी कधी बरोबर निघतं. 2017 च्या सुपर बोलमध्ये अटलांटा 28-3 वरून घसरत 28-20 वर आलेला, तरी बॉल पेट्रिअट्सच्या 22 यार्डांवर होता आणि पाच मिनिटंही उरली नव्हती. तीन वेळा पळवा, किक मारा, घरी जा. पहिल्या धावेत एक यार्ड गमावला. मग क्वार्टरबॅक मॅट रायन पास टाकायला मागे गेला आणि 12 यार्ड मागे आडवा झाला. पुढे होल्डिंगचे 10. किकचं अंतरच उरलं नाही, ओव्हरटाइममध्ये 34-28 नं मॅचही गेली. त्या रात्री तुम्ही बरोबर होता. एकदा बरोबर ठरलेला माणूस पुढची दहा वर्षं कोणाचं ऐकत नाही, हे तुमच्याकडे पाहून सगळ्यांना कळलंच आहे.

उलट बाजूचा दाखला मात्र जायंट्सवाल्यांनी तोंडातून काढू नये. 19 नोव्हेंबर 1978: जायंट्स 17-12 नं पुढे, शेवटची काही सेकंदं, ईगल्सकडे टाइमआउट नाही. क्वार्टरबॅकनं नुसता गुडघा टेकला असता तरी संपलं असतं. वरून हुकूम आला, बॉल पळवा. जो पिसार्सिकच्या हातून तो लॅरी झोंकाला देता देता निसटला, हर्म एडवर्ड्सनं उचलून पळत नेला, ईगल्स 19-17. शेवटी गुडघा टेकायची आजची शिस्तबद्ध रचना त्या दुपारची देणगी आहे.

आता डिफेन्स. इथे काम सोपं: कॅमेऱ्यात जो दिसेल तो दोषी. लांबचा पास डोक्यावरून गेला आणि पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या मागे त्याला राखणारा कॉर्नरबॅक धावताना दिसला, की 'याला काढा' म्हणायचं. कव्हर 2 ही रचना असेल तर कॉर्नर जवळचा पट्टा राखतो आणि मागे निसटलेला गडी सर्वात मागे उभ्या सेफ्टीच्या हवाली करतो. सेफ्टी धावेच्या हुलीला भुलून दोन पावलं पुढे आलेला असतो, पण टीव्हीच्या चौकटीत तो नसतोच. चौकटीबाहेरच्यावर आरोप करायला मंगळवारपर्यंत थांबून वरून घेतलेलं चित्रण पाहावं लागतं, आणि मंगळवारी सगळ्यांना ऑफिस असतं.

धावेचंही तसंच. लाइनच्या मधोमधचा सेंटर आणि शेजारच्या गार्डमधली फट ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, त्याबाहेरची सी. प्रत्येक फटीला एक राखणदार. डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरला हिरो व्हायची घाई झाली आणि तो शेजाऱ्याच्या फटीत घुसला, की एका फटीत दोघं आणि त्याची स्वतःची उघडी. धावणारा तिथूनच वळतो. कबड्डीत कोपऱ्यातल्यानं साखळी सोडून एकट्यानं झेप घेतली की जे होतं, तेच. मग शेवटचा सेफ्टी एकटाच आडवा येतो, चुकतो, आणि गुन्हा त्याच्या नावावर लागतो.

पुण्यात बसून पाहणाऱ्यांना एक सूचना. दुपारी एकची मॅच तुमच्याकडे रात्री साडेदहाला लागते, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. चौथा क्वार्टर झोपेत गेला तरी सकाळी 'डिफेन्सनं घालवली' म्हणायला हरकत नाही. जायंट्सच्या बाबतीत बहुतेक वेळा जुळून जातं.

सरावासाठी 19 ऑक्टोबर 2025 ची डेन्व्हरची मॅच घ्या. तीन क्वार्टर संपले तेव्हा जायंट्स 19-0 नं पुढे. चौथ्यात डेन्व्हरनं 33 गुण काढले. 37 सेकंद उरले असताना जायंट्स पुन्हा 32-30 नं वर आले होते, तेवढ्यातही डेन्व्हर किकच्या टप्प्यात पोचलं, 39 यार्डांवरून विल लुट्झनं किक मारली, 33-32. याहून चांगली संधी मिळणार नाही. ओरडा. नोव्हेंबरात आधी मुख्य प्रशिक्षक ब्रायन डेबोल यांना काढलं, मग डिफेन्सचे प्रशिक्षक शेन बोवेन यांना. तुमचा आवाज पोचला, असंच समजा.

एवढ्यात कोपऱ्यातला कोणी तरी हळूच बोटं मोजायला लागेल: जायंट्सचे चार टचडाउन, त्यानंतरचे एकेका गुणाचे चार एक्स्ट्रा पॉइंट, प्रत्येक किक 33 यार्डांवरून, त्यातल्या दोन हुकल्या, आणि मॅच गेली एका गुणानं. त्याला लगेच वर चहा टाकायला पाठवा, आलं किसून घाल म्हणावं. तो ट्रे घेऊन खाली येईपर्यंत तुम्ही पुढच्या ड्राफ्टवर आलेले असलं पाहिजे: पहिल्या फेरीत रनिंग बॅकच घ्यायला हवा, नाही का?