मासा न गावता नाव कमावण्याची रीत

गरवण्याच्या, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरण्याच्या, स्पर्धेत गेल्या वर्षी पहिला क्रमांक कोणाचा आला, हे पुढच्या वर्षी आयोजकांनाही जुने पत्रक शोधल्याशिवाय सांगता येत नाही. उलट ज्यांनी जन्मात एकही स्पर्धा जिंकली नाही, अशा काही असामी आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या चहाच्या टपऱ्यांवर आजही आदराने आठवल्या जातात. तेव्हा आपण या क्षेत्रात नव्याने उतरणार असाल, तर चषक हवा की कीर्ती हवी, हे आधी ठरवावे. चषकाचा मार्ग सोपा आणि नीरस आहे. पहाटे उठावे, गरीला जिवंत कोळंबी लावावी आणि तोंड बंद ठेवावे, मासा मिळतो. ज्यांना तेवढ्यावर समाधान आहे त्यांनी पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. कीर्तीसाठी मात्र साधना लागते, आणि ती ज्यांनी केली त्या माझ्या मित्रांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींतूनच पुढील उपदेश गोळा केला आहे.

पहिली पायरी म्हणजे पाण्याला नावे ठेवणे, आणि तीही गरी पाण्यात पडण्यापूर्वी. आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी या विद्येत इतके पारंगत होते, की स्पर्धेचे पत्रक हाती पडताच ते दिनदर्शिका उघडून स्पर्धेचा निकाल वाचून दाखवीत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही येते. गुरुजी ते चारचौघांत मोठ्याने सोडवीत. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि पुरी ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास; स्पर्धा आठ ते एक; म्हणजे बहुतेक वेळ सुकतीचा, त्यात अष्टमीचे भांगाचे पाणी, त्याला ना ओढ ना जोर; अशा पाण्यात मासा तोंड उघडलाच तर जांभई देण्यासाठी उघडेल. यातला शब्दन्‌शब्द खरा असे, कारण आयोजक तिथी पाहत नाहीत, रविवार पाहतात. प्रमुख पाहुण्यांना सवड रविवारीच असते आणि माशांची सोय विचारण्याची पद्धत नाही. परंतु गुरुजींचे मोठेपण गणितात नव्हते. पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाचे उत्तम पाणी लाभले, तेव्हाही त्यांनी ‘आज ओढ फार, शिसां ऱ्हवना नाय’ (दोरीला वजन म्हणून बांधलेले शिसे जागेवर ठरत नाही) असे म्हणून मोकळी पिशवी तितक्याच प्रसन्नपणे घरी नेली. भांगाला पाणी कमी आणि उधाणाला पाणी जास्त, एवढे पक्के केले की मधल्या तिथींसाठी वारा शिल्लक राहतोच.

सामानाच्या बाबतीत काटकसर करू नये. माझ्या एका मित्राचे जावई मुंबईहून गणपतीला आणि स्पर्धेला न चुकता येत. कार्बनचा रॉड, परदेशी रील, ब्रेडेड लाईन, पाण्याची चकाकी कापणारा चष्मा आणि कप्प्याकप्प्यांची एक पेटी. त्या पेटीत अरबी समुद्रातल्या कोणत्याही माशाने कधी पाहिले नसतील अशा रंगांचे प्लास्टिकचे मासे. ही पेटी मांडून प्रत्येक माशाचा उपयोग समजावून सांगण्यात त्यांचा स्पर्धेचा पहिला तास जाई आणि खडकात अडकलेले मासे सोडवण्यात शेवटचा. एकदा तर खाडीच्या मुखाशी आलेल्या शेवट्यांच्या थव्यावर त्यांनी हा मारा बराच वेळ चालवला होता. शेवटा शेवाळ आणि गाळातले कण खाऊन राहतो. पिठाची गोळी दाखवली तर तो थोडा विचार करील, पण त्याच्यापुढे प्लास्टिकचा मासा नाचवणे म्हणजे वारकऱ्याच्या पानात सुका बांगडा वाढण्यासारखे आहे. हे त्यांना कोणी सांगितले नाही, कारण जावई तो जावई, आणि शिवाय संध्याकाळच्या बैठकीची सोय त्यांच्याकडे असे. आपणही हे धोरण ठेवावे: सामान पाण्यात कमी आणि कातळावर जास्त दिसले पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे सुटलेल्या माशाकडे वळू. मासा सुटणे ही घटना कोणाच्याही आयुष्यात घडू शकते, परंतु कोणता मासा सुटू द्यावा याला अक्कल लागते. बांगडा सुटला म्हणणाऱ्याला लोक हसतात. एस.टी.तून निवृत्त झालेल्या आमच्या कंडक्टरकाकांनी तांबोशी निवडली, यातच त्यांची पारख दिसते. तांबोशी गरीला लागताच खडकाच्या कपारीकडे धावते आणि कातळाच्या धारेवर घासून तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, तोडते. हा तिचा स्वभावच असल्यामुळे पुरावा मागण्याचा प्रश्न उरत नाही, तुटलेले टोक दाखवले की झाले. काकांची तांबोशी कर्ली नदीच्या मुखाशी सुटली तेव्हा चार किलोंची होती. त्यांनी वजन वाढवण्याची घाई केली नाही. दर वर्षी अर्धा किलो, महागाई भत्ता धरून पाऊण, असे त्यांनी ते शिस्तीने चढवले, आणि तांबोशीच्या अंगाला ते शोभेनासे झाले तेव्हा एके दिवशी तिचा शांतपणे चोणक केला. (रायगडात जिताडा म्हणतात तोच हा.)

यावर कोणी हरकत घेतली असे नाही. उलट रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातल्या एका मुलीने नकळत त्यांना मोठेच साहाय्य केले. चोणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी वाढता वाढता त्याची मादी होते, तेव्हा एवढा मोठा चोणक मादीच असला पाहिजे, असे ती सहज बोलून गेली. काकांनी ते नीट ऐकून घेतले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कथेत मासा सुटेनासा झाला. अंड्यांनी भरलेली ती माय त्यांनी स्वतःच दोरी कापून सोडली होती. अशा कथेची पेरणी करण्यासाठी १ जून ते ३१ जुलै हा काळ सर्वोत्तम समजावा. यांत्रिक नौकांना त्या दोन महिन्यांत बंदी असते, ट्रॉलर बंदरात बांधलेले असतात, बाजारात ताजा मासा दुर्मीळ असतो आणि सुक्या सोड्यांवर दिवस काढणारी माणसे ताज्या माशाच्या वर्णनाला सहसा आक्षेप घेत नाहीत.

नियमांविषयी आपली मते ठाम असावीत. इंग्लंडात या स्पर्धा गोड्या पाण्याच्या काठी फार शिस्तीने होतात. तिथे चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला काठावरची क्रमांक घातलेली जागा देतात, पकडलेले मासे लांब जाळीत पाण्यातच जिवंत ठेवतात, अखेरीस तोलतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. आमच्या समितीतल्या एका वाचनप्रिय सभासदाने ही पद्धत इथेही लागू करण्याची सूचना मांडली आणि ध्वनिक्षेपकावरून तशी घोषणाही केली. जमलेल्या मंडळीत क्षणभर शांतता पसरली आणि मग मागून कोणीतरी अत्यंत प्रामाणिकपणे विचारले, ‘मगे गरवलो कित्याक?’ या प्रश्नाचे उत्तर समितीला अद्याप सापडलेले नाही. तडजोड म्हणून चिठ्ठ्या तेवढ्या ठेवण्यात आल्या. प्रत्येकाने रांगेत उभे राहून चिठ्ठी काढली, क्रमांक वाचला, चिठ्ठी खिशात घातली, आणि प्रत्येक जण आजोबांच्या वेळेपासून आपल्या घराण्याकडे असलेल्या कातळावर जाऊन बसला.

याच समितीपुढे पुढे एक खरा पेच उभा राहिला. गाबीतवाड्यातली, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतली, एक आजी रिकामी पाण्याची बाटली घेऊन स्पर्धेला आली. बाटलीवर तंगूस गुंडाळलेला, टोकाला एक गरी, शिशाऐवजी गंजलेला नट आणि पदरात बांधलेली तिने स्वतः वेचून आणलेली खेकड्याची पिल्ले. रॉडवाले अजून गाठी मारत होते तोवर तिने दोन पालू काढले. प्रमुख पाहुण्यांचे भाषण होईपर्यंत गोबरे काढले. आणि भाषणानंतर आभारप्रदर्शन चालू असताना एक तांबोशी, जी कोणत्याही कपारीत शिरली नाही. तिने बोटावर दोरी धरली होती, त्यामुळे मासा काय विचार करतो हे तिला माशाआधी कळत असावे. पुढच्या वर्षीच्या पत्रकात ‘रॉड व रील अनिवार्य’ असा नियम आला आणि त्याचे कारण ‘स्पर्धकांची सुरक्षितता’ असे छापण्यात आले. आजी त्याही वर्षी आली. तिने बांबूची एक काठी वाळूत रोवली, तिच्या शेजारी बसून बाटलीनेच गरवले, आणि रील कुठे आहे असे पंचांनी विचारल्यावर बाटली वर करून दाखवली. आपण अशा नियमाच्या बाजूने जरूर मत द्यावे. स्पर्धा खेळाडूंची आहे, पोटासाठी मासे धरणाऱ्यांची नव्हे, हे वाक्य पाठ करून ठेवावे. मात्र ते आजीच्या समोर म्हणू नये, कारण दुपारी मासळीचा वाटा तिच्याकडूनच घ्यावा लागतो आणि तिचा हिशेब पक्का असतो.

कोणी म्हणेल, एवढे कष्ट कशाला, सरळ लबाडी करावी. तीही करून पाहिलेली आहे, पण दूर देशी. अमेरिकेत ओहायो राज्यात सप्टेंबर २०२२ मध्ये एका मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत दोघांचे मासे आकाराच्या मानाने फार जड भरले. आयोजकाने मासा जागेवरच चिरला तेव्हा पोटातून शिशाचे गोळे निघाले. पुढच्या वर्षी दोघांना १० दिवसांची कैद झाली आणि एकाची मासेमारीची बोटही जप्त झाली. आपल्याकडे ही युक्ती रुजली नाही याचे श्रेय आपल्या सचोटीला देण्याचा मोह होतो, पण खरे कारण असे की तिथे मासा चिरायला संशय यावा लागतो आणि इथे भूक पुरते. संध्याकाळी विळीवर बसलेल्या काकूंना माशाच्या पोटात शिसे सापडले, तर कैदेची मुदत १० दिवसांवर थांबणार नाही.

मासा बोटभर निघाला तर लाजू नये. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. खिशात एक फूटपट्टी बाळगावी, मासा सर्वांच्या देखत मापावा आणि ‘कायद्यात बसत नाही’ असे म्हणून सन्मानाने पाण्यात सोडावा. आपण सोडलेली जात त्या यादीत आहे की नाही, हे विचारण्याइतका अभ्यास पंचांचाही नसतो. केंड लागला तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तो फुगून बसतो, सगळे हसतात, आणि विषारी असल्याने कोणी शेजारीही तो मागत नाही. केंड येण्याआधी बहुधा दाताने तंगूस तोडून जातो, तेव्हा त्याची गणना सुटलेल्या तांबोशीत करण्याची सोय आहे. शिंगाळा काढताना काटा हातात शिरला, तर वेदना खरीखुरी असते आणि ती अभिनयाशिवायच परिणाम साधते.

बक्षीस समारंभाला न चुकता थांबावे. विजेता बहुधा मुखदुर्बळ असतो. त्याला घरी जायची घाई असते, फोटोची नसते. अशा वेळी मासा जड आहे, मी धरतो, असे म्हणून आपण पुढे व्हावे आणि मासा आपल्या हाती घेऊन मधोमध उभे राहावे. तो फोटो त्याच रात्री सगळ्या गटांत फिरतो आणि दोन-तीन वर्षांत खालचा मजकूर गळून केवळ मासा आणि तो धरणारा एवढेच उरते. कंडक्टरकाकांचा भिंतीवरचा चोणक असाच आलेला आहे. एक काळजी मात्र घ्यावी. चोणकाच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून त्याला तिथे न धरता खालच्या जबड्याला धरावे. तरीही बोट कापलेच, तर टाके घालून घेताना मासा दुसऱ्याचा होता हे डॉक्टरांना सांगण्याचे काही कारण नाही.