आईसाठी किती लिटर?

दुकानातल्या त्या मिक्सरवाल्या काकांवर माझा अजून राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कितीही हसतहसत लिहिलं तरी तो आहे.

विषय साधा. येत्या शनिवारी आईची पंचाहत्तरी. साडी नको म्हणते, कपाट उघडलं की अंगावर येतात. सोनं नको म्हणते, जे कुणी विचारलेलंही नव्हतं. राइस कुकर माझ्या डोक्यात आला तो तिच्या कानांमुळे. कानाचं यंत्र आहे, पण ते खराब होऊ नये म्हणून ड्रॉवरमध्ये असतं. डोंबिवलीच्या त्या इमारतीत अकरा ते साडेबारा प्रत्येक मजल्यावर कुकर लागलेला असतो. शिट्टी झाली एवढं आईला कळतं, कुणाच्या कुकरची ते कळत नाही. वरच्यांच्या दोन, समोरच्यांची एक, झाल्या तीन, गॅस बंद. भात कच्चा. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच कुकरच्या शिट्ट्या ती समोरच्यांच्या खात्यावर टाकते आणि भाताचा गुरगुट्या होतो. वरण, भाजी, पोळ्या सकाळी स्वयंपाकाच्या ताई करून जातात. भात मात्र आईला पानात वाफाळताच लागतो आणि तो तीच लावते. म्हणून शिट्टी नसलेलं काहीतरी हवं होतं. एवढंच.

रविवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या एका दुकानात शिरले. काउंटरवरच्या पोराने रीतसर विचारलं, "किती लिटर, मॅडम?"

"आईसाठी हवाय."

"एकट्याच असतात का?"

त्या 'एकट्याच'ला काउंटरच्या दुसऱ्या टोकाचे काका वळले. चौकड्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, दोन्ही हातांत मिक्सरचं भांडं. भांड्याचा कपलर झिजला होता, दुरुस्तीवाला चहाला गेला होता आणि काका मोकळे होते.

"एकट्या असतात?" काकांनी विचारलं. पोराने विचारलं तेव्हा तो लिटरचा प्रश्न होता. आता तो राहिला नाही.

"हो."

"मुलं नाहीत?"

"मी आहे ना."

"नाही, तसं नाही. मुलगा?"

"डॅलसला."

"अच्छा." काकांनी मिक्सरचं भांडं काउंटरवर ठेवलं. हात मोकळे झाले. "आणि तुम्ही?"

"इथेच, ठाण्यात."

"आई?"

"डोंबिवलीला."

"म्हणजे पंचवीस मिनिटं."

"फास्ट मिळाली तर."

"मिळते की. दुपारी तर बसायलासुद्धा मिळतं." मग त्यांनी कुकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कुकरकडे पाहिलं. "काय आहे, ताई, तुम्ही मघापासून तो एक लिटरवाला हातात घेताय. एक लिटर म्हणजे माणसं दोन, फार तर तीन. म्हणजे तुम्ही काही जेवायला जात नाही."

"जाते की!"

"किती वेळा?"

इस्त्री बघत असलेल्या बाईंनी इस्त्री खाली ठेवली. पंख्यांच्या विभागातलं एक जोडपं बोलायचं थांबलं. आता ह्या माणसाचा आणि माझा काय संबंध? 'काका, तुम्ही तुमच्या मिक्सरचं बघा,' हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. पण आमच्या पिढीला घरून जे वळण लागलंय त्याचा सगळ्यात मोठा तोटा हाच, की चौकड्यांच्या शर्टाने प्रश्न विचारला की उत्तर द्यावंसं वाटतं. मी म्हटलं, "पंधरा दिवसांनी तरी जातेच."

"मिस्टर?"

"तेही येतात. कधीकधी."

"मुलं?"

"एक मुलगी. तिचे क्लास असतात."

"म्हणजे सगळे कधीकधी येतात." काकांनी बेरीज केली आणि पोराकडे वळून निकाल दिला, "हिला एक पॉइंट आठ दाखव रे."

'ताई'ची 'हिला' कधी झाले ते मला कळलंच नाही.

पोराने एक पॉइंट आठचा खोका फोडला. "यात एक किलो तांदूळ शिजतो, मॅडम." एक किलो! आमच्या आईच्या घरी एक किलोचा भात शेवटचा लागला तो माझ्या मुलीच्या बारशाला. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, "बघा, म्हणजे तेव्हापासून कार्य नाही घरात." इस्त्रीवाल्या बाईंनी 'चक्' केलं.

गोची अशी आहे बघा. लहान कुकर घ्यावा तर लेक आईकडे फिरकत नाही हे सिद्ध होतं. मोठा घ्यावा तर पंचाहत्तरीच्या बाईला ही सगळ्या गोतावळ्याचा भात रांधायला लावते, हे सिद्ध होतं. मधला आकार पोराने दाखवलाच नाही. आणि एवढ्या चौकशीत डॅलसला किती लिटर लागतात, तिकडून कोण किती वेळा जेवायला येतं, हे एकानेही विचारलं नाही. तिकडचं 'अच्छा'वर भागलं. पंधरा दिवसांचा हिशेब मागितला तो मला. कारण मी दुकानात उभी होते. जो उभा असतो त्यालाच विचारतात, आणि आमच्या घरात उभी असते ती मीच.

असो. ह्या एक पॉइंट आठची एक गंमत आहे. सरळ दोन लिटर का नाही, असं मला कायम वाटायचं. तर ते आलंय जपानी 'शो' ह्या जुन्या मापावरून. एक शो म्हणजे सुमारे १.८ लिटर. त्याचे दहा भाग केले की एक 'गो', म्हणजे १८० मिलिलिटर. राइस कुकरसोबत जो प्लास्टिकचा कप येतो, ज्यात पुढे घराघरांत मीठ किंवा कपड्यांचे चिमटे ठेवले जातात, तो हाच गो. जपानने मेट्रिक पद्धत घेतली आणि भाताच्या भांड्यात आपलं माप राखून ठेवलं. आपल्याकडे १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि पुढच्या काही वर्षांत शेर, मापटं, चिपटं, पायली सगळं मोडीत निघालं. पायलीच्या मापाचा कुकर कुणी काढला नाही. आई अजून भात मोजते तो तिच्या सासूच्या एका वाटीने. ती वाटी कुठल्याच कायद्यात बसत नाही आणि तिचे किती गो होतात हे शनिवारी मलाच समजावून सांगावं लागणार आहे. ड्रॉवरमधलं यंत्र कानात नसताना.

तर दुकानात. काकांचा पुढचा प्रश्न पोराला होता. "भात झाला हे याला कळतं कसं?"

"ऑटोमॅटिक आहे, काका. त्याला आतून कळतं."

"पण कसं?"

पोराने खोक्यावर नजर फिरवली. खोक्यावर भाताने भरलेलं भांडं आणि एक अतिशय आनंदी बाई होती. "कंपनीने शिकवलेलं असतं," तो म्हणाला.

इथे मला तोंड उघडावंसं वाटलं, कारण घ्यायच्या आधी मी वाचलं होतं. साध्या राइस कुकरला कुणी काहीही शिकवलेलं नसतं. भांड्याच्या तळाशी एक लोहचुंबक आणि एक स्प्रिंग असते. भांड्यात सुटं पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की ते वर चढतं, ठरावीक तापमानाला चुंबकाची ओढ संपते, स्प्रिंग खटका पाडते. टक्. घड्याळ नाही, डोकं नाही, शिट्टीसुद्धा नाही. मी हे निम्मं सांगितलं असेल. काका म्हणाले, "चुंबक आणि अन्न एकत्र बरं नाही," आणि विषय संपवला.

म्हणून उरलेलं मला सांगता आलं नाही, ते इथे सांगते. पहिला स्वयंचलित विजेचा राइस कुकर तोशिबाने डिसेंबर १९५५ मध्ये बाजारात आणला. त्यात चुंबक नव्हतं. भांड्यात भांडं होतं, बाहेरच्यात मोजून पाणी घालायचं, ते आटलं की तापमान वाढून वीज बंद. तो बनवला योशितादा मिनामी नावाच्या गृहस्थांनी. भात शिजवून बघायचं, किती वेळात, किती तापमानाला, थंडीत काय होतं, हे सगळं घरी केलं त्यांच्या पत्नीने, फुमिकोबाईंनी. मुलं सांभाळून. काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "बघा, केवढा कर्तबगार माणूस!"

त्यांनी विचारलं, "तांदूळ कुठला खातात आई?"

"रोज कोलम. सणाला आंबेमोहोर."

"इंद्रायणी नाही?" त्यांना खरोखर वाईट वाटलं. "अहो, माउलींनी खाल्लेला तांदूळ तो! आळंदीला नदी कुठली? इंद्रायणी!"

इंद्रायणी तांदूळ मावळातल्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ ह्यांच्या संकरातून तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांकडे आला. माउलींनी समाधी घेतली ती १२९६ मध्ये. मी गप्प बसले. इस्त्रीवाल्या बाईंनी मात्र नमस्काराला हात जोडले होते.

"आणि वरण?" काकांनी एकदम विचारलं.

"काय वरण?"

"कुकरात खाली पाणी, त्यावर वरणाचा डबा, वर भाताचा, फटीत दोन बटाटे. एका गॅसवर जेवण. यात नुसता भात. वरणाचं काय?"

पोराने लगबगीने एक भोकाभोकांची ताटली दाखवली. त्यावर वाफेवर काहीही होतं म्हणे. तूरडाळीला हे सांगा! प्रेशर कुकरात दाबाने पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जातं म्हणून ती डाळ वठणीवर येते. उघड्या वाफेत ती दिवेलागणीपर्यंत कण्या धरून बसेल. काकांचा मुद्दा बिनतोड होता आणि तोच मला सगळ्यात लागला. वरण ताई सकाळी करून जातात, हे मी सांगितलं. त्यावर काका म्हणाले, "म्हणजे बाई ठेवलीय." आणि मान हलवली. एकटी ठेवलीय, बाई ठेवलीय, आता यंत्र ठेवतेय.

शेवटी मी वैतागून विचारलं, "काका, तुमच्याकडे आहे का राइस कुकर?"

"आहे तर! मुलाने दिलाय."

"मग?"

"उत्तम आहे. लाइटची बिलं ठेवतो त्यात. झाकण काचेचं आहे ना, न उघडता वरचं बिल कुठल्या महिन्याचं ते दिसतं."

"भात?"

"भात ही कुकरात लावते. शिट्ट्या मी मोजतो." आणि मग, पहिल्यांदाच थोडं मागे सरून, "नाहीतर दुपारी मी करायचं काय?"

आता ह्यावर खरं तर मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही असती, पण तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातला एक लिटरचा कुकर काढून घेतला, खालून बोटाने टकटक करून पाहिला आणि पोराला म्हणाले, "पत्रा हलका आहे. दे तिला, तिची आई आहे, आपण काय बोलणार."

मी एक लिटरचाच घेतला. बिल होईपर्यंत दुरुस्तीवाला चहाहून आला. त्याने मिक्सरचं भांडं उलटं केलं आणि सांगितलं, "काका, ह्या मॉडेलचा कपलर आता येत नाही. नवीन भांडं घ्या." काका म्हणाले, "किती लिटरचं?" मी वळून, अगदी गोड आवाजात विचारलं, "घरी किती जण असता, काका?"

"दोघं."

"आणि मुलगा किती वेळा येतो?"

ह्याचं उत्तर आलं नाही. रिक्षात बसेपर्यंत मला बरं वाटत होतं. नंतर तेवढंसं नाही.

रात्री भावाला कुकरचा फोटो पाठवला. तो म्हणाला, अगं थांबायचं ना, मी लिंक पाठवली होती. पाठवली होती, खरंच. भात झाला की गाणं वाजवणारा कुकर, १२० व्होल्टवर चालणारा. आपल्याकडे २३०. तो डोंबिवलीच्या सॉकेटमध्ये लावला असता तर गाणं नक्की वाजलं असतं, एकदाच. आणि वाजून उपयोग काय, ऐकणारी कोण, हे मी लिहिलं नाही. मग त्याने विचारलं, एकच लिटरचा का? आम्ही डिसेंबरमध्ये सगळे येणार आहोत, तेव्हा पुरेल का?

मी अंगठा पाठवला.

आज सकाळी परत त्याचा मेसेज आहे. कार्डावर दोघांची नावं घाल, माझं आधी लिही, मी मोठा ना. निम्मे पैसे अजून आलेले नाहीत. ते आले की नावाचं बघू.