अहो, अरे आणि ‘यो’

“तो तिका ‘तू’ म्हणता की ‘तुमी’?” आईने विचारलं.

मी पडद्याखालची इंग्रजी ओळ पुन्हा वाचली. तिथे नुसतं ‘यू’ होतं. ‘यू’ म्हणजे तूही, तुम्हीही, आपणही आणि वेळ पडली तर अख्खी सोसायटीही. मी ठोकून दिलं, “तुम्ही म्हणतोय.”

“शक्य नाय. असल्या तोंडान कोण तुमी म्हणता?”

गेला महिनाभर मी रात्री नऊनंतर आमच्या आईचा दुभाष्या आहे. बिनपगारी, बिनरजेचा. सुरुवात आमच्या कन्येने केली. दिवाळीच्या सुट्टीत आजीला शेजारी बसवून तिने ‘होमटाउन चा-चा-चा’ नावाच्या कोरियन मालिकेचे पहिले दोन भाग दाखवले, खालच्या ओळी फडाफडा मराठीत सांगितल्या आणि सुट्टी संपल्यावर हॉस्टेलवर निघून गेली. जाताना, बघायचं ते मूळ आवाजातच, असा दंडकही घालून गेली. उरलेले चौदा भाग वारसाहक्काने माझ्याकडे आले. बायकोने पहिल्याच रात्री चष्मा सापडत नसल्याचं जाहीर केलं. तो महिनाभर सापडला नाही. भाजी निवडताना मात्र रोज नाकावर होता.

मालिका २०२१ची. सोळा भाग, प्रत्येक भाग तासाच्या वर. हे-जिन नावाची दातांची डॉक्टर सोलमधल्या दवाखान्यातून बाहेर पडते. नको ते उपचार पेशंटच्या गळ्यात मारण्यावरून वरिष्ठांशी तिचं वाजलेलं असतं. ती समुद्रकाठच्या गोंगजिन गावात स्वतःचा दवाखाना थाटते. गाव काल्पनिक आहे, चित्रीकरण पोहांग भागातलं. तिथे तिला भेटतो होंग दु-सिक. सगळे त्याला ‘होंग बानजांग’ म्हणतात. बानजांग म्हणजे अगदी छोट्या वस्तीचा प्रमुख. आईने तत्काळ निकाल दिला, “म्हणजे गावकार.” तिच्या तोंडी त्याचा ‘होंगबाबू’ झाला, तो शेवटपर्यंत.

हा होंगबाबू नळ दुरुस्त करतो, घरं दाखवतो, मासे विकतो, कॉफी करतो, आणि कुठल्याही कामाचे पैसे सरकारी किमान वेतनाच्या हिशोबानेच घेतो. तासाला ८,७२० वॉन.

“आपले किती ते?”

“साडेपाचशेच्या आसपास.”

आईला आमचा प्लंबर आठवला असणार, कारण ती बराच वेळ गप्प होती.

दुभाष्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. पात्र बोलतं, ओळ येते, मी वाचतो, मनात मराठी जुळवतो आणि तोंड उघडेपर्यंत पडद्यावर दुसरंच कुणीतरी रडत असतं. त्यात कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. बिचारा नट ‘मी तुझ्यावर’ म्हणून थांबतो, आवंढा गिळतो, समुद्राकडे बघतो, आणि इंग्रजी ओळीने सगळा मामला आधीच फोडलेला असतो. मी तो आईला सांगून मोकळा. मग नट सावकाश क्रियापदापाशी पोचतो, तेव्हा आई म्हणते, “ह्या आत्ता तर सांगितलंस.”

गावातली पोरं बापाला ‘आप्पा’ म्हणतात, हे कळलं तेव्हा आई सोफ्यावर सरसावून बसली. ही माणसं आपलीच आहेत, भाषा तेवढी चुकून वेगळी झाली आहे, असं तिचं मत पक्कं झालं. त्यात दोरीवर माकुलं वाळत घातलेली दिसली. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. माकुलं बघून ती म्हणाली, “हंय बोंबील व्हये होते.”

तर मुद्दा ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा.

मी चुकतोय हे आईला कसं कळायचं, ते मला कळत नव्हतं. तिला कोरियन येत नाही. इंग्रजी अक्षरं तिने आयुष्यात बसच्या पाटीवरदेखील मनावर घेतली नाहीत. तरी ती दर दहा मिनिटांनी मला पकडायची. शेवटी एका रात्री तिनेच गुपित फोडलं.

“मेल्या, कान दी. ती बोलताना शेवटाक ‘यो’ लावता. तो लावणा नाय.”

मी तोच प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. खरंच. हे-जिनचं वाक्य ‘यो’वर संपत होतं. होंगबाबूचं बोडकं होतं. त्या रात्री मी मोबाइलवर वाचलं तेव्हा समजलं की आईने महिनाभराचा कोरियन वर्ग न भरता पास केला आहे. वाक्याच्या शेवटी ‘यो’ लागला की ते अदबीचं बोलणं, नाही लागला तर बहुतेक वेळा अरे-तुरे. मी ज्या ओळी चष्मा लावून वाचत होतो, त्यात नेमकी हीच गोष्ट कुठे नव्हती. इंग्रजीने सगळ्यांना एकाच ‘यू’च्या चटईवर बसवलं होतं.

आणि या मालिकेत तर सगळी गंमत तिथेच आहे. होंगबाबू सहसा कुणालाच अहो-जाहो करत नाही. डॉक्टरीणबाईंना सुरुवातीपासून अरे-तुरे. ऐंशीच्या घरातल्या गाम-री आजीलासुद्धा नावाने हाक. हे-जिनला याचाच पहिला राग येतो. तो तिला ‘चिग्वा’ म्हणतो. आईला बरेच दिवस ते तिचं नावच वाटलं. अर्थ आहे दातांचा दवाखाना. म्हणजे ‘ए दातवाले’ म्हणावं तसं.

“आगाऊ आहे,” मी म्हणालो.

“आगाव कित्याक? आमच्या गावाक कोण कोणाक अहो-जाहो करता? अहो-जाहो करूक लागले की समजायचा, पैसे मागूक इलेत.”

सुरुवातीची हे-जिन आईला आवडली नव्हती. पहिल्या भागात ती वाळूत बसते आणि लाट तिचे महागडे बूट घेऊन जाते. त्यातला एक होंगबाबू परत आणून देतो आणि घालायला सपाता देतो. तेवढ्यावरही हिचं नाक वर. मग गावच्या कार्यक्रमात ती मैत्रिणीला फोन करून गावाची यथेच्छ निंदा करते आणि जवळचा माईक चालू असतो. भोंग्यावरून अख्ख्या गावाला ऐकू जातं. मला वाटलं, आई आता हिला कायमची नापास करणार. पण आई उलट खूश झाली. “पोटातला भायर इला. आता सुदारतली.”

मी भोंग्याचा प्रसंग विनोदी म्हणून पाहत होतो, आई औषध म्हणून. त्यानंतर हे-जिन चिडून स्वतःही ‘यो’ सोडते. तू मला अरे-तुरे करतोस काय, मग मीही करते, असा एकूण बाणा. मी याचं भाषांतर भांडण म्हणून केलं. आई मांडी थोपटत म्हणाली, “रागान ‘यो’ सोडल्यान. आता ह्येंचा लगीन होतला बघ.”

“आई, तिसराच भाग आहे. अजून तो दुसरा यायचाय.”

“खयचो दुसरो?”

दुसरा आला. कॉलेजपासूनचा ओळखीचा, टीव्हीवर कार्यक्रम करणारा, देखणा, हसरा, सुस्वभावी. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. आईने त्याला दोन मिनिटं न्याहाळलं. “हो ‘यो’ सोडूचो नाय,” ती म्हणाली आणि पुढचे कित्येक भाग तो पडद्यावर आला की पाणी प्यायला उठत राहिली.

दहाव्या भागाच्या शेवटी हे-जिन आपण होऊन होंगबाबूसमोर उभी राहते आणि मला तू आवडतोस म्हणून सांगून टाकते. वाचताना माझाच आवाज कापरा झाला. पन्नाशीच्या माणसाने स्वतःच्या आईला मोठ्याने ‘मला तू आवडतोस’ वाचून दाखवणं हा प्रसंग कुठल्याही व्यवहारज्ञानात बसत नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चष्मा होता.

“अहो,” ती म्हणाली, “दुधाचं पातेलं उतरवाल का?”

मी उठलो. मी उठताच आई टीव्हीकडे बघतच म्हणाली, “माझ्याफुड्यात ‘यो’ लावता. तू आत गेलंस की काढून ठेवता. माका सगळा ऐकूक येता.”

आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. आम्हाला वाटत होतं, आतल्या खोलीतल्या ‘अरे’चा पत्ता फक्त आम्हा दोघांना आहे. बायको लाजली की चिडली ते कळलं नाही, दूध मात्र उतू गेलं. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने आईसमोर पहिल्यांदा मला ‘अरे, मीठ दे’ म्हटलं. आईने शांतपणे ताक ओरपलं. मी मात्र दिवसभर ऑफिसात तो ‘अरे’ खिशात घेऊन फिरलो.

हे-जिन आणि होंगबाबू एकत्र आल्यावर ‘चिग्वा’ मागे पडतं आणि तो तिला नावाने हाक मारू लागतो. इंग्रजी ओळीत यातलं तरी बरंचसं उतरलं होतं, नाव नावच असतं. पण आईला मी सांगायची गरज पडली नाही. नुसत्या हाकेवर तिने माझ्या मांडीवर चापटी मारली.

आता एक गोष्ट मागची सांगायला हवी, कारण ती तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती.

सुरुवातीच्या एका भागात गाम-री आजीचे दात दुखतात. तिला माकूल जिवापाड आवडतं, पण चावत नाही. नवे दात बसवायचे तर खर्च, आणि मुलाला कशाला खर्चात पाडायचं, म्हणून आजी नको म्हणते. हे-जिन तिच्यावर भडकते. हिशोबी म्हणून गावाने नावं ठेवलेली ही बाई पुढे स्वतःच आजीला परवडेल अशी वाट काढते. माझ्या मते हे-जिन बदलायला लागते ती तिथे. होंगबाबूमुळे नव्हे, त्या आजीच्या दातांमुळे. त्या रात्री मी हा सगळा प्रसंग मन लावून वाचत होतो. ‘मुलाला त्रास नको’ ही ओळ आली, तेव्हा मी जरा थांबलो.

“फुडे वाच,” आई म्हणाली.

मी पुढे वाचलं. आईने गेले काही महिने भाजका सुका बोंबील खाणं सोडलं होतं. हल्लीचे बोंबील चामड्यासारखे येतात, ही तिची तक्रार. भाकरी ती दुधात कुस्करून खाऊ लागली होती, हल्लीच्या ज्वारीत दम नाही म्हणून. बाजार एवढा बिघडलाय याचं मला वाईट वाटत होतं. एवढंच.

पंधराव्या भागाच्या शेवटी गाम-री आजी झोपेतच जाते. आदल्या रात्री तिघी म्हाताऱ्या मैत्रिणी शेजारी शेजारी अंथरुणं टाकून गप्पा मारतात आणि सकाळी एक उठत नाही. ओळी येत होत्या, जात होत्या. माझ्या घशातून काही बाहेर पडेना.

“नको वाचू. कळला माका.”

टीव्ही बंद करून मी पाणी प्यायला गेलो, तर स्वयंपाकघरात आई मसाल्याच्या डब्यातून लवंग काढून दाढेखाली धरत होती. दिवा न लावता. लवंगांची बाटली, बघतो तर, जवळजवळ रिकामी. मला एकदम बोंबील, ज्वारी आणि ‘फुडे वाच’ असं सगळं एका रांगेत दिसलं.

मी जे काही बोललो ते हे-जिनच्या तोंडचं होतं. तोच सूर, तोच हात कमरेवर. आपण समोरच्यावर ओरडत आहोत की स्वतःवर, हे न कळण्याचा तोच घोळ. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शेवटचो भाग बघूया. मगे जाव.”

शेवटचा भाग पाहिला. आजीने मक्याच्या कणसांच्या खोक्यात होंगबाबूसाठी ठेवलेलं पत्र त्याला सापडतं, त्याने छातीत कोंडलेलं दुखणं मोकळं होतं, मग दोघं एकाच वेळी एकमेकांना लग्नाची मागणी घालायची तयारी करून बसतात आणि त्यावरूनही भांडतात. तिने त्याच्यासाठी बूट आणलेले असतात. मी भराभरा वाचत होतो. माझं लक्ष आईच्या गालाकडे होतं.

“संपला?” आई म्हणाली. “सोळाच?”

शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तिशीतली मुलगी, आवाज मऊ. “आजी, तुम्ही आ करा,” म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, ‘यो’ लागल्याची नोंद झाली होती. तपासणी झाली. दोन दाढा काढाव्या लागतील, वरच्या बाजूला कवळी किंवा इम्प्लांट, इतक्या वेळा यावं लागेल, इतका खर्च, असं त्या मुलीने स्वच्छ मराठीत, सावकाश समजावून सांगितलं. आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चेहरा मी शक्य तितका सरळ ठेवला.

आई माझ्याकडे वळली. “काय म्हणता ती?”

“काही विशेष नाही, म्हणते. थोडक्यात होईल.”

“ती तसा म्हणाक नाय,” आई म्हणाली. “फुडे वाच.” आणि खुर्चीत मागे रेलून तिने आ वासला.