'नुसत्या घोषणा' म्हणणाऱ्यांसाठी

'वंशद्वेषाविरुद्धच्या कविता म्हणजे नुसत्या घोषणा. त्यांत कारागिरी नसते, सत्तेचं त्यांनी काही बिघडत नाही, आणि प्रसंग सरला की त्या मरतात.' ही पोस्ट आठवडाभरात मला चार जणांनी पाठवली. मला ती मनापासून खटकली, म्हणून हे उत्तर.

आधी कारागिरी. जमैकात जन्मलेला क्लॉड मॅके १९१९ साली अमेरिकेत रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर होता. त्या उन्हाळ्यात शहरोशहरी गोऱ्यांचे जमाव काळ्यांवर तुटून पडत होते. एकट्या शिकागोच्या दंगलीत ३८ माणसं गेली, त्यांतली २३ काळी. गाडी मुक्कामाला लागली की डब्यातले काळे नोकर घोळक्यानेच खोलीवर जायचे, काहींच्या खिशात पिस्तूल असायचं. त्या दिवसांत मॅकेने 'इफ वी मस्ट डाय' लिहिली आणि आधी या सोबत्यांनाच वाचून दाखवली. त्यांच्यातला सगळ्यात उडाणटप्पू वेटरसुद्धा रडला, असं मॅकेनेच नोंदवलंय. आणि ही कविता आहे चक्क सुनीत! चौदा ओळी, शेक्सपिअरच्या सुनीतातली यमकांची बांधणी. मरायचंच असेल तर कोंडलेल्या डुकरांसारखं नको, अशी सुरुवात. 'काळा' आणि 'गोरा' हे शब्द तिच्यात एकदाही येत नाहीत. याला घोषणा म्हणायचं?

सत्तेला फरक पडत नाही म्हणता, मग दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या वर्णभेदी सरकारने कवी डेनिस ब्रूटसच्या लिखाणावर बंदी का घातली? रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दगड फोडून तो सुटला, पण छापण्यासाठी काही लिहिणं हा त्याच्यासाठी गुन्हाच होता. मग त्याने भावजयीला, मार्थाला, पत्रं लिहिली. ती पत्रं म्हणजेच कविता. १९६८ मध्ये परदेशात त्यांचं पुस्तक निघालं. आपल्याकडेही १९७२ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, आणि ती उभी करणाऱ्यांत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार हे कवीच होते.

राहिला प्रसंग सरल्यावर मरण्याचा मुद्दा. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अॅटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला, तेव्हा मॅकेची तीच कविता कैद्यांमध्ये हातोहात फिरत होती. एका बड्या साप्ताहिकाने ती कुणा अनाम कैद्याची समजून 'ओबडधोबड' ठरवली. शेवटी कवयित्री ग्वेन्डोलिन ब्रूक्सने पत्र लिहून त्यांना कळवलं, ही कविता क्लॉड मॅकेची आहे.