प्रश्नावली, पालक आणि पहाटेचे चार : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मुलांच्या घोरण्यावरच्या लेखात मी पालकांनी भरायच्या २२ प्रश्नांच्या यादीबद्दल लिहिलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं असं, की आईवडिलांना विचारून स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार, कळत नाही. रात्रभराची झोपेची तपासणी करा, नाहीतर काहीच करू नका. आणि असे कागद वाटून मी उगाच घबराट पसरवतोय.

पटलेलं आधी. ‘आठ किंवा जास्त हो आले की तपासून घ्या’ असं मी एका ओळीत उरकलं, ते चुकलं. ही प्रश्नावली मिशिगन विद्यापीठातल्या रोनाल्ड चर्विन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केली. आजारी मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त तिनं पकडली, बाकीच्यांपैकी ८७ टक्के बरोबर बाजूला काढली. आकडे झकास आहेत. पण आजारी मुलं झोपेच्या लॅबमधून घेतलेली होती आणि बाकीची बालरोगतज्ज्ञांच्या साध्या ओपीडीतून. दोन टोकं ओळखणं सोपं. तुमच्यासमोर येतात ती मधली.

आता हाच कागद सरसकट हजार मुलांना वाटू. मुलांमध्ये या आजाराचं प्रमाण १ ते ५ टक्के सांगतात. आपण ३ धरू. तीस आजारी, त्यांतली पंचवीसेक सापडतील. उरलेल्या ९७० निरोगी मुलांपैकी १३ टक्के, म्हणजे सव्वाशेच्या वर, उगाच अडकतील. दीडशे घरांत धास्ती आणि खरा आजार सहातल्या एका घरात. घबराटीचा तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा.

पण माझ्या लेखातलं मूल सरसकट नव्हतं, ते रोज घोरणारं होतं. तिथे आजाराचं प्रमाणच जास्त, त्यामुळे त्याच कागदाचं वजन वाढतं. शिवाय अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा सुरुवात पालकांपासूनच करतात: मूल घोरतं का, हे प्रत्येक नियमित तपासणीत विचारा. विचारायचंच आहे, तर नीट विचारू.

नीट म्हणजे कसं, तेही सांगतो. मी झोपेच्या लॅबमध्ये रात्रपाळ्या केल्यात. मुलाच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आधी पालक फॉर्म भरतात. एक वडील पेन हातात धरून अडले होते. मूल आजीजवळ झोपायचं, यांना रात्रीचं काही ठाऊकच नाही. ठाऊक नसलेल्या सहा प्रश्नांना त्यांनी सरळ ‘नाही’ लिहिलं. उरलेल्या सोळांत ‘हो’ सहाच. बावीसात सहा म्हणजे ०.२७, आणि सीमारेषा ०.३३ची. मूल सुटलं! मी म्हटलं, “ठाऊक नसेल तिथे ‘माहीत नाही’ला खूण करा.” या प्रश्नावलीत ‘माहीत नाही’ची उत्तरं छेदातूनच वगळतात. उरले सोळा प्रश्न, त्यांत सहा ‘हो’, म्हणजे ०.३७५. तोच बाप, तेच मूल, निकाल उलटा. हा नियम मी लेखात दिलाच नव्हता, आणि तुमच्या टीकेतून नेमकं हेच सुटलं.

पालकांची नजर भरवशाची नाही, हेही खरं. पण याचं कारण घड्याळात आहे. मुलांचा श्वास जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, आणि ती रात्रीच्या शेवटच्या भागात लांबत जाते. आई डोकावते दहा-अकराला, पोर शांत पडलेलं असतं. खरा खेळ पहाटे चारला, आणि तेव्हा आईही झोपलेली असते. (मोबाईलवर पहाटेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणणाऱ्या पालकांना मी मनोमन सलाम करतो.)

‘तपासणी, नाहीतर काहीच नाही’ हे मात्र मला मान्य नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चॅट’ या चाचणीत ५ ते ९ वयाची ४६४ मुलं होती. निम्म्यांचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) लगेच काढले, बाकीच्यांवर नुसती नजर ठेवली. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. नुसतं थांबलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची! पुढे २०१५ मध्ये त्याच मुलांची माहिती पुन्हा तपासली. शस्त्रक्रियेनंतर वागणं, दिवसाची पेंग, एकूण जगणं कुणाचं जास्त सुधारेल, याचा अंदाज या २२ प्रश्नांवरून बांधता आला. तपासणीच्या आकड्यांवरून नाही. आता, सुधारणेची मोजमापंही पालकांनीच भरलेली होती, तेव्हा दोन्ही जुळणारच, असं तुम्ही म्हणाल. ती शंका मलाही आहे. पण ज्या त्रासापायी मूल तुमच्याकडे आणतात, तो तारांवर पूर्ण उमटत नाही, एवढं तरी यातून दिसतंच.

आजार आहे की नाही हे तपासणीनंच ठरवावं, यावर आपलं दुमत नाही. लेख दुरुस्त केलाय. ‘आठ हो’ची ओळ काढली, छेदाचा नियम घातला. गुण कितीही कमी आले तरी झोपेत श्वास थांबलेला दिसला असेल तर कागद बाजूला ठेवा आणि मूल दाखवायला न्या, हे वाक्य आधीही होतं. तळाशी होतं, म्हणून तुमच्या नजरेतून सुटलं असेल. आता पहिल्या परिच्छेदात घेतलंय.