‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे मायग्रेनला डिसॅबिलिटी नाही’ हे खरं नाही

डिसॅबिलिटीबद्दल, म्हणजे आजाराने काम सुटल्यावर सोशल सिक्युरिटी या सरकारी यंत्रणेकडून मिळणाऱ्या पैशांबद्दल, अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये हा सल्ला फिरत असतो: ‘सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीत मायग्रेन नाही. एमआरआय नॉर्मल आला की अर्ज फेटाळतातच. करायचाच असेल तर डॉक्टरांकडून “काम करू शकत नाही” असं पत्र घ्या आणि नकार आला की नव्याने अर्ज भरा.’ यातलं पहिलं वाक्य तेवढं बरोबर आहे. बाकीच्यावर विसंबून हक्काचे पैसे गमावू नका.

‘यादीत नाही.’ नाही, पण त्याने दार बंद होत नाही. २६ ऑगस्ट २०१९ पासून लागू झालेल्या एसएसआर १९-४पी या सोशल सिक्युरिटीच्या नियमानुसार मायग्रेनची तुलना त्या यादीतल्या अपस्माराच्या (फिट्सच्या) ११.०२ या नोंदीशी करतात. उपचार नीट घेऊनही सलग ३ महिने आठवड्यातून किमान एकदा झटका येत असेल, तर तिच्यातल्या ११.०२बी या भागाशी बरोबरी होऊ शकते. पंधरवड्यातून एकदा येत असेल तर ११.०२डी बघतात, तिथे एकाग्रता, हालचाल अशा एखाद्या बाबतीत ठळक मर्यादाही दाखवावी लागते. दोन्हींत बसलं नाही, तरी काम करण्याची किती क्षमता उरली आहे ते तपासतात. महिन्यातून चार दिवस न सांगता घरी राहावं लागणाऱ्याला कोणती नोकरी टिकवता येईल, हा तिथला प्रश्न असतो.

‘एमआरआय नॉर्मल आला.’ यायलाच हवा. मायग्रेन एमआरआयमध्ये दिसत नाही. गाठ, रक्तस्राव असं काही नाही ना, हे बघायला तो काढतात. दुसरी कारणं डॉक्टरांनी वगळली आहेत, हे नियमाला हवंच असतं.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेकदा डॉक्टरांकडच्या फाइलमुळे. डॉक्टर विचारतात, ‘कसं काय?’ आपण सवयीने म्हणतो, ‘बरंय.’ फाइलमध्ये नोंद होते: रुग्णाची तब्येत ठीक. अशा चार भेटी झाल्या की वर्षभराचं दुखणं कागदावर उरतच नाही. म्हणून प्रत्येक भेटीला डोकेदुखीची वही न्या आणि तिची प्रत फाइलला लावायला सांगा. ‘डोकं दुखलं’ एवढ्याने भागत नाही. ‘मंगळवार, पहाटे ४, डावी बाजू, दोन उलट्या, सुमाट्रिप्टन १०० मिग्रॅ, अंधारात ११ तास, बुधवारी दुपारपर्यंत स्क्रीन बघवेना’ असं लिहा. झटका आलेला घरच्यांनी पाहिला असेल, तर त्यांचंही लेखी निवेदन जोडा.

उपचार मध्येच सोडले असतील, तर कारण नोंदवून घ्या. मायग्रेन टाळायला दिलं जाणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दर १२ आठवड्यांनी घ्यायचं असतं. विमा कंपनीने मंजुरी नाकारली म्हणून फेरी चुकली आणि ते कुठे लिहिलंच नाही, तर ‘उपचार पाळले नाहीत’ असा अर्थ निघतो. उलट ट्रिप्टन (सुमाट्रिप्टनसारखी झटक्यावरची औषधं) महिन्यातून १० किंवा जास्त दिवस घेत असाल, तर औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी असं निदान होऊ शकतं. ती दुय्यम, म्हणजे दुसऱ्या कारणाने होणारी, डोकेदुखी मानली जाते आणि दुय्यम डोकेदुखीला सोशल सिक्युरिटी स्वतंत्र आजार धरत नाही. डॉक्टरांशी हे आधीच बोला.

‘काम करू शकत नाही, असं पत्र पुरतं.’ अजिबात नाही. २७ मार्च २०१७ पासूनच्या अर्जांत अशा एका ओळीच्या मताला वजन नाही, कारण तो निर्णय सरकारी यंत्रणेचा. डॉक्टरांनी आकडे द्यावेत: महिन्यात किती झटके, प्रत्येक वेळी किती तास आडवं पडावं लागतं, किती दिवस गैरहजेरी होईल, उजेड आणि आवाज कितपत सोसवतो.

‘नव्याने अर्ज भरा.’ सगळ्यांत महागात पडणारा सल्ला हाच. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत फेरविचार मागायचा. तिथेही नकार आला तर पुढच्या ६० दिवसांत न्यायाधीशापुढे सुनावणी मागायची. नवा अर्ज केला की जुन्या अर्जाची तारीख जाते आणि एसएसडीआयची (नोकरीतल्या कपातीवर मिळणाऱ्या डिसॅबिलिटी विम्याची) थकबाकी अर्जाच्या तारखेमागे जास्तीत जास्त १२ महिने मिळते. शिवाय काम सुटल्यावर या विम्याचं संरक्षण साधारण ५ वर्षंच टिकतं. भारतातली पीएफची वर्षं त्यात धरत नाहीत, कारण दोन देशांत तसा करारच नाही. तेव्हा संरक्षणाची शेवटची तारीख सोशल सिक्युरिटीकडून आजच विचारून घ्या.