हो, घर बघायला येणारच

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, "मांजराचं पिल्लू फुकट देतात आणि त्यासाठी आधार कार्ड मागतात, घर बघायला येतात, खिडकीला जाळी आहे का विचारतात. मुलगी देतायत का?" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. सगळी ओळखीची माणसं, ज्यांच्याकडे मी गणपतीला जाते ती. तिथे काही लिहिलं नाही, कारण तिथे लिहिलं की विषय भलतीकडे जातो. इथे लिहिते आहे, इथे बहुतेक माझीच माणसं आहेत.

तर हो, जनावरं दत्तक देणारी आमच्यासारखी माणसं आधार कार्ड मागतात. घर बघायला येतात. यायलाच हवं.

काळीबद्दल मी आधी कधीतरी थोडंसं लिहिलं होतं, आज सगळं लिहिते.

काळी म्हणजे कुत्रीचं पिल्लू, दिवा स्टेशनजवळच्या एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर सापडली. भर पावसाळ्यात. आई गाडीखाली गेलेली, पाच पिल्लं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर एकमेकांवर पडलेली. आमच्या डोंबिवलीच्या, जनावरं वाचवून दत्तक देणाऱ्या ग्रुपमधल्या एका ताईंनी ती घरी नेली. ताई बँकेत नोकरी करतात, घरात आजारी सासूबाई आहेत, तरी नेली. चौथ्या दिवशी पार्व्हो, कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. ज्यांनी पार्व्हो पाहिलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढंच समजा की रक्ताचे जुलाब होतात, आणि त्याचा एक वास असतो जो नाकातून जात नाही. फिनेलने तो विषाणू मरत नाही, ब्लीच लागतं. ताई रात्रभर सलाईन धरून बसायच्या, पहाटे ब्लीचने फरशी पुसायच्या आणि सकाळची लोकल पकडायच्या. पाचातली दोन गेली, तीन वाचली.

वाचलेल्या तिघांपैकी दोन नर होते, बदामी रंगाचे. ते लगेच गेले. काळी राहिली. मादी आणि वर रंगाने काळी. फोन यायचे, "नर आहे का?" मादी म्हटलं की फोन बंद. सहा महिन्यांची झाली की नसबंदी आम्ही करून देतो, खर्च आमचा, एवढं सांगूनही नको. आणि काळा रंग तर घरात अशुभ. हे सांगणाऱ्या एकांच्या घरात मी स्वतः गेले आहे, हॉलमध्ये दत्ताची तसबीर आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, रोज त्यांनाही हळदकुंकू लागतं.

शेवटी एका घराने तिला नेलं. ओळखीतून आलेलं कुटुंब, मोठा फ्लॅट, लहान मुलीचा वाढदिवस. ओळखीतले आहेत म्हणून फॉर्म नाही, घर बघणं नाही, काही नाही. फोटो आले, काळीच्या गळ्यात गुलाबी रिबन. सगळ्यांनी बदाम पाठवले. मग फोटो कमी झाले, मग बंद. काही महिन्यांनी फोन आला, "घेऊन जाताय का, की सोडून देऊ?"

ताई आणि मी गेलो. काळी ड्राय बाल्कनीत होती. वॉशिंग मशीनच्या बाजूला, नळाला बांधलेली. दोरी एवढी तोकडी की तिला नीट आडवं होता येत नव्हतं. मानेवरचे केस गेलेले. ताईंनी दारात काढलेली चप्पल पायात घालण्यासाठी उचलली, तर काळी जागच्या जागी मुतली. आणि त्या बाई आम्हाला सांगत होत्या की फार त्रास देते, सोफा कुरतडला, भुंकते. मी एक शब्द बोलू शकले नाही, बोलले असते तर हात उठला असता.

म्हणून विचारतात. "घर भाड्याचं आहे का?" हे तुमची ऐपत काढायला विचारत नाहीत. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपतं, नवा मालक कुत्रं चालणार नाही म्हणतो आणि जनावर परत येतं, म्हणून विचारतात. घरातल्या सगळ्यांना हवंय का, दिवसभर घरी कोण असतं, गावी गेलात तर कोण सांभाळणार. हे प्रश्न हौसेने सुचलेले नाहीत. प्रत्येक प्रश्नामागे एक परत आलेलं जनावर आहे.

आणि ती जाळी, जिच्यावर सकाळी सगळे हसले. मांजर चार पायांवर पडतं, त्याला काही होत नाही, असं मला शिकलेल्या माणसांनी सांगितलंय. उंचावरून चार पायांवर पडलेल्या मांजराचाही जबडा फुटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतात. खिडकीत कबूतर बसतं, मांजर झेप घेतं, झालं. आमच्या मागच्या बिल्डिंगमधलं एक असंच पाचव्या मजल्यावरून पडलं. टोपलीत घालून त्याला परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात नेलं. (मुंबईची एसपीसीए, म्हणजे प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारी संस्था, १८७४ ची आहे, हे हॉस्पिटल तिचंच. इतकी वर्षं या शहरात मुक्या जनावरांसाठी माणसं खपतायत, आणि आपण अजून जाळीवर हसतोय.) ते मांजर वाचलं नाही. त्या घरात आता जाळी आहे.

लोक म्हणतील कायदा आहे ना, मग तुम्ही कशाला पोलिसगिरी करता. कायदा वाचा. १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा. उपाशी, तहानलेलं राहील अशा परिस्थितीत जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. पन्नास रुपये! काळीला नळाला महिनोन्‌महिने बांधून ठेवणं हाही त्याच कलमातला गुन्हा, दंडही तोच. एका वडापावच्या प्लेटीचे पैसे टाकायचे आणि मोकळं व्हायचं. अशा वेळी त्या ताईंच्या हातात काय उरतं? तुमचं आधार कार्ड, सही केलेला एक कागद, आणि अधूनमधून फोटो मागायचा हक्क. तेवढंच. त्यालाही तुम्ही हसणार.

ज्यांनी सकाळी हसणारी तोंडं टाकली त्यांच्यातलेच काहीजण, मी खाली कुत्र्यांना पोळ्या घालते तेव्हा म्हणतात, "एवढा पुळका आहे तर घरी न्या." आणि खरंच कुणी घरी आणलं की लिफ्टमधून नेऊ नका, जिन्याने न्या, मीटिंगमध्ये ठराव करू. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने तसं २०१५ मध्येच लिहून दिलंय. बाहेर नको, घरात नको. मग त्यांनी जायचं कुठे?

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टात एवढं सगळं झालं, तेव्हा टीव्हीवर दोन्ही बाजू नुसत्या ओरडत होत्या. २२ ऑगस्टच्या आदेशातली एक गोष्ट कुणी फारशी दाखवली नाही. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर पालिकेकडे अर्ज करता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. आमच्या ताई वेगळं काय म्हणतात?

बरं, काही ग्रुप अती करतात, हे मला माहीत आहे. एकट्या राहणाऱ्या मुलाला निव्वळ बॅचलर म्हणून नकार देतात, ते चूकच. काहीजणींचं बोलणंही फार तुटक असतं. मान्य. आणि कुत्री चावतात, लहान पोरांना चावतात, रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, हेही मान्य. पण लस टोचलेलं, नसबंदी केलेलं, घरात गेलेलं कुत्रं म्हणजे रस्त्यावरचं एक कमी, एवढा हिशेब तरी करा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काळीचं पुढे काय झालं ते सांगते.

ती परत आल्यावर बराच काळ ताईंच्या पलंगाखाली राहिली. मग बदलापूरहून एका काकांचा फोन आला. एसटीतून निवृत्त झालेले. नर की मादी विचारलं नाही, रंग विचारला नाही. आम्ही घर बघायला गेलो तर काकूंनी पोहे केले होते आणि काका डायरी घेऊन बसले होते. लसींच्या तारखा लिहून घेतल्या. मग तेच आम्हाला विचारायला लागले. काय खाते, कशाला घाबरते, रात्री दचकून उठली तर जवळ घ्यायचं की तिला तिचं शांत होऊ द्यायचं? गावी साताऱ्याला जायचं झालं तर दोघांपैकी एकजण मागे थांबू, हे आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. आधार कार्डाची झेरॉक्स काढून ठेवलेली होती. ताई परतीच्या गाडीत रडत होत्या, आणि मीही.

काळी अजून चपलेला घाबरते. त्या घरात आता सगळ्यांच्या चपला दाराबाहेर कपाटात असतात, पाहुण्यांच्यासुद्धा.

आणि मुलगी देतायत का, या प्रश्नाचं उत्तर. मुलीला फोन करून सांगता येतं की मला इथे त्रास होतोय, न्यायला या. काळीला नाही येत. तिच्या वतीने कुणीतरी आधीच सगळं विचारून ठेवावं लागतं.

सध्या ताईंकडे मांजराची चार पिल्लं आहेत, दोन महिन्यांची. जंताचं औषध झालंय, पहिली लस झालीय, मातीच्या ट्रेमध्ये जातात. दोन नर, दोन माद्या. माद्यांतली एक पूर्ण काळी आहे आणि ती तिच्या बहिणीशिवाय जेवत नाही, म्हणून त्या दोघी एकत्रच द्यायच्या आहेत. ज्यांना खरंच हवी असतील त्यांनी मला इनबॉक्स करा. खिडक्यांना जाळी नसेल तर आमच्याकडे आला होता त्या जाळीवाल्याचा नंबर देते, एका दिवसात बसवून देतो. ताई संध्याकाळी सातनंतर घरी असतात, पिल्लं बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी या.